सालीसकट

माझी भावजय सोइला लग्न होऊन पेरूतल्या कुस्को शहरात आली, तेव्हा तिला बटाटा सोलता येत नव्हता. म्हणजे सुरी घेऊन बसायची हौसेने, पण सोलून झालं की ताटलीत गोटीएवढा बटाटा आणि बादलीत बोटभर जाडीच्या साली. मागच्या दारी पाळलेले गिनीपिग तेवढे तिच्यावर खूश असायचे. ते इतके फुगले की माझा भाऊ रेमिखिओ म्हणायचा, माझ्यापेक्षा त्यांनाच बायको चांगली मिळालीय.

तिचाही दोष नाही म्हणा. ती इकाची, समुद्राकडची. तिकडे भात खातात आणि बटाटा तोंडी लावतात. आमचं गाव यानापाता, ढगांच्या जरा खाली. तिथे बटाटाच जेवण, आणि तो उकडायचा तो सालीसकट. गरम गरम ताटात घ्यायचा आणि नखाने साल ओढायची. कच्चा बटाटा सुरीने तासणाऱ्या बाईला आमच्याकडे वाया घालवणारी म्हणतात. मी तर तिला याहून पुष्कळ म्हणायची. माझी जीभ तशीच आहे, आणि तेव्हा तर मला तिचा अभिमानच होता.

गावात बटाट्याच्या कितीतरी जाती, पण आमच्या शेतात एक होती ती आता दुसऱ्या कुणाकडे फारशी राहिली नव्हती. काळपट, आवळलेल्या मुठीसारखा बटाटा, नुसते उंचवटे आणि खळगे. कापला की आत लाल कडं. त्याचं नाव सूनरडव्या. नवी सून घरात आली की पेरणीच्या दिवशी बांधावर सगळ्या बायकांसमोर सासू तो कच्चा बटाटा तिच्या हातात द्यायची आणि म्हणायची, सोल. साल पातळ निघाली की सून घरची झाली. आमच्या आजीने आईला तो पुन्हा पुन्हा सोलायला लावला होता, बोट कापून रक्त आलं तरी. आई रडली तेव्हा आजी म्हणे समाधानाने हसली.

सोइला आली तेव्हा आईने तिच्या हातात सूनरडव्या दिलाच नाही. त्यावर गावात कुजबुज झालीच. पास्कुआलाने, म्हणजे आमच्या आईने, सुनेला सून मानलेलं नाही, असं बायका बोलायला लागल्या, आणि कुणीतरी ते सोइलाच्या कानापर्यंत नेऊन पोचवलं.

"वन्सं, आईंनी मला सोलायला का नाही दिलं?" तिने मला एकदा विचारलं. "मला जमणार नाही म्हणून?"

"जमणार नाहीच की," मी म्हटलं. "तू सोलायला लागलीस तर बटाटाच रडेल."

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या सुईदोऱ्याच्या दुकानात येऊन उभी राहिली. म्हणाली, मला शिकवा. बटाटा कसा घ्यायचा, कसा ठेवायचा, कसा उकडायचा, सगळं शिकवा. त्या बाईने एवढ्या साध्या गोष्टीसाठी माझ्यासारखीचे बोल ऐकून घ्यायची तयारी ठेवली होती.

मग दर शनिवारी आम्ही बाजारात जायला लागलो. बटाट्याच्या रांगेत मेल्चोरा नावाची बाई बसते, पसरलेल्या गोणपाटाच्या मधोमध, स्वतःही एखाद्या पोत्यासारखी. सोइलाने पहिल्याच दिवशी तिच्यापुढचा एक मोठा, गोरागोमटा बटाटा उचलला.

"हा घेऊ? कसा गुळगुळीत आहे."

"गुळगुळीत बघून नवरा केलास तेवढं पुरे," मी म्हटलं. "दाबून बघ."

"दाबा ताई, हवं तेवढं दाबा," मेल्चोरा म्हणाली. "फक्त भाव पाडायला माझा गळा दाबू नका."

सोइलाने दाबला. बोट किंचित आत गेलं. मी तो परत ठेवायला लावला. मुठीत दगडासारखा लागेल तो घ्यायचा, हे सांगितलं. धुतलेला घ्यायचा नाही, अंगाला कोरडी माती असलेला घ्यायचा. कुठे हिरवी झाक दिसली तर हात लावायचा नाही, त्याने ऊन खाल्लेलं असतं आणि तो आपलं पोट खातो. घरी आणला की अंधाऱ्या कोपऱ्यात, खाली गवत, वर डोंगरी पुदिन्याच्या काड्या, म्हणजे कीड फिरकत नाही. कांद्याच्या शेजारी ठेवायचा नाही.

"आणि कोंब आला तर?" सोइलाने विचारलं.

"कोंब आला की तो ठेवायच्या लायकीचा राहिला नाही. नखाने कोंब काढायचे, त्याच दिवशी सगळे उकडायचे, आणि संपवायचे. ठेवायचं नाही एकही."

मेल्चोराने मान डोलावली. बाजारातल्या बटाट्याबद्दल आम्ही बोलत होतो आणि त्याबद्दल हे खरंच आहे. शहरातल्या बाईला याहून जास्त काही लागत नाही, असं मला वाटलं.

सोइला हळूहळू तयार झाली. सुरी तिने फळीवर ठेवून दिली. तरी मधूनमधून हात वळायचा, मग मी दारातूनच ओरडायची, "काय गं, आज पुन्हा गिनीपिगांचा सण आहे का?" ती जीभ चावायची आणि बटाटे तसेच, सालीसकट, भांड्यात टाकायची. पाणी थोडं घालायचं, वर झाकण घट्ट, शेवटी पाणी ओतून भांडं कोरडंच जरा आचेवर हलवायचं, म्हणजे साल तडकते आणि आतलं पीठ फुलतं. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं जमायला लागलं. ते मात्र मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

ऑगस्टमध्ये आई गावाहून खाली आली. पाठीवर रंगीत शालीचं गाठोडं होतं. गुडघे गेले होते तिचे. बसमधून उतरताना मला तिला जवळजवळ उचलूनच घ्यावं लागलं, पण गाठोड्याला हात लावू देईना.

आई यंदापासून शेत रेमिखिओ आणि सोइलाच्या हवाली करणार होती, हे आम्हाला माहीत होतं. ऑक्टोबरात सगळ्यांनी वर जाऊन पेरणी करायची असं ठरलं होतं. गाठोड्यात काय असेल ते मला उतरतानाच कळलं. आमच्याकडे शेत सुनेकडे गेलं की बेणंही सुनेकडे जातं. पेरणीपर्यंत ते तिच्या घरी राहतं, आणि पेरणीच्या दिवशी ती स्वतःच्या पाठीवरून ते शेतात नेते. देताना देणारी बोलत नाही आणि घेणारी विचारत नाही. बेण्याचं नाव तोंडातून काढलं की त्याला दृष्ट लागते.

माझ्या सासरी मक्याची शेती. मला ते बेणं मिळणार नव्हतं आणि मिळून उपयोगही नव्हता. तरी सोइलाच्या दारात आईने शाल खांद्यावरून सोडवली आणि दोन्ही हातांनी सोइलाच्या ओंजळीत ठेवली, तेव्हा मला तिचा हेवा वाटला. खोटं कशाला सांगू.

सोइलाने शालीची गाठ जराशी सैल करून आत पाहिलं. लहान लहान, वाकडेतिकडे, काळे बटाटे. प्रत्येक डोळ्यातून टाचणीच्या डोक्याएवढा जांभळा कोंब नुकताच वर आलेला.

"आई, मला आणलेत?" ती म्हणाली.

"तुझेच आहेत," आई म्हणाली, आणि तिच्या गालाला हात लावला. आईने तिला असा हात आधी कधी लावला नव्हता. सोइलाचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मी तेव्हा काही बोलायला हवं होतं. रीत मोडली असती तर मोडली असती. पण सोइलाला हे ठाऊक नसेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमच्या घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट एखाद्याला माहीत नसेल हे आपल्याला सुचतच नाही. आणि खाली रस्त्यावर गाडीवाला भोंगा वाजवत होता, कारण आईचे गुडघे दाखवायला आम्हाला दवाखान्यात पोचायचं होतं.

दवाखान्यात खूप वेळ गेला. परत येताना आई गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "दोमी, पोर चांगली आहे गं, आपल्या रेमिखिओची बायको."

"सोलते जाड," मी म्हटलं.

"सोलू दे. मी तिला तो सोलायला देणार नाहीच. या घरात बटाट्यावरून एक बाई रडली, पुरे झालं."

दिवेलागणीला आम्ही घरी आलो, तर जिन्यातच वास. उकडलेल्या बटाट्याचा असा वास, की माझं लहानपणच दारात येऊन उभं राहिलं. मातीचा, शेंगदाण्याचा आणि धुराचा मिळून एक. त्या वासाचा एकच बटाटा असतो. माझ्या हातातली आईची काठी खाली पडली.

सोइलाने टेबल मांडलं होतं. स्वच्छ कापड, ताजं चीज, वाटीत हिरवी तिखट चटणी, आणि मधोमध मोठं मातीचं भांडं. झाकण काढलं तेव्हा वाफ वर गेली. आत सगळे सूनरडव्या होते, सालीसकट, साली तडकून आतली लाली बाहेर आलेली. एकही फुटला नव्हता, एकही पाणचट झाला नव्हता. मी आयुष्यात इतके नीट उकडलेले बटाटे बघितले नाहीत.

"बघा वन्सं," सोइला म्हणाली. "कोंब आले होते, म्हणून ठेवले नाहीत. नखाने काढले आणि सगळे लावले. आणि सुरीला हात पण लावला नाही. म्हटलं, आईंनी एवढ्या लांबून मुद्दाम आणलेत, आज काही चुकायला नको."

मी तोंड उघडलं. टेबलाखाली आईचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तिने इतक्या जोरात दाबलं की नखं रुतली. मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा शांत होता, पण कानाच्या पाळ्या थरथरत होत्या.

"बस गं," आई सोइलाला म्हणाली. "तू पण बस. गरम आहेत तोवर."

मी हात धुवायचं निमित्त करून मागच्या दारी गेले. मला एकच गोष्ट बघायची होती, सालींची बादली. बटाट्याची साल जाड असली आणि तिच्यात डोळा शाबूत असला, तर ती मातीत लावली तरी उगवते. दुष्काळात आजीने तसं केलेलं आईने मला सांगितलं होतं. सोइलाच्या हातची एक साल, तिच्या जुन्या सवयीची एक जाडजूड साल मिळाली असती तरी पुरे होतं. एका सालीचं एक झाड, एका झाडाचे मूठभर बटाटे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा शेत.

बादली कोरडी ठणठणीत होती. गिनीपिग माझ्याकडे टुकूटुकू बघत होते, त्यांना त्या दिवशी नुसतं गवत मिळालं होतं. मोरीत पाहिलं. नखाने खरवडलेले ते जांभळे ठिपके पाण्याबरोबर कधीच वाहून गेले होते. मी तिथे मोरीच्या कडेला बसले आणि तोंडात शालीचं टोक कोंबून रडले. तिची सुरी मीच सोडवली होती. ती सोडवल्याचा मला अभिमान होता.

आत गेले तेव्हा आई जेवत होती. साल नखाने ओढायची, चटणीत बुडवायची, तोंडात टाकायची, सावकाश. ताटात बटाटा टाकून उठलं की तो रडतो, असं आमच्याकडे म्हणतात, म्हणून टाकत नाहीत. आईने एकही टाकला नाही. तिच्या सासूने तिला दिलेलं, तिच्या सासूच्या सासूने त्या सासूला दिलेलं, सगळं तिने बसून खाल्लं. मीही खाल्लं. लाज वाटते सांगायला, पण चव अप्रतिम होती.

"आवडले, आई?" सोइला पुन्हा पुन्हा विचारत होती.

"असे मी कधीच खाल्ले नव्हते," आई म्हणाली. ते अगदी खरं होतं. सूनरडव्या इतके पोटभर खायची आमच्यात पद्धतच नव्हती. बेण्यातून उरतील ते चार-दोन खायचे, एवढंच.

रेमिखिओ ट्रक घेऊन जंगलाकडच्या फेरीवर गेला होता. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा मी त्याला जिन्यातच गाठून सांगितलं. तो पायरीवर बसला. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग वर जाऊन बायकोला म्हणाला, "ऐकलं, काल मेजवानी झाली म्हणे. मला एखादा ठेवायचास की."

"कोंब आलेले ठेवायचे नसतात," सोइला म्हणाली. "विचार तुझ्या बहिणीला."

मी प्रयत्न केला नाही असं नाही. यानापात्यात घरोघर फिरले. सगळ्यांनी मोठे पांढरे बटाटे लावायला सुरुवात केली होती, ट्रकवाले तेच उचलतात. एका म्हातारीकडे सूनरडव्या होता, तो मागच्या हिवाने मारला. दूरच्या एका खोऱ्यात बेण्याच्या अदलाबदलीला गेले, तिथे तसेच वाकडेतिकडे काळे बटाटे मिळाले. आनंदाने घेऊन आले. आईने एक कापून पाहिला. आत पांढराफेक.

"हा तो नव्हे," ती म्हणाली, आणि कापलेले दोन तुकडे पुन्हा एकमेकांवर नीट बसवून ठेवले.

सोइलाचं वेगळंच चालू होतं. आईंना ते बटाटे एवढे आवडले, तर आपण बाजारातून आणून खाऊ घालू, असं तिने मनावर घेतलं. शनिवारी मेल्चोरापुढे बसून ती हातांनी आकार करून दाखवायला लागली. असे मुठीसारखे, काळे, आत लाल.

मेल्चोरा आमच्याच पट्ट्यातली. तिला लगेच कळलं. "ते विकायला येत नसतात, बाई," ती म्हणाली. "ते घराघरातलं... तुम्हाला कुठे मिळाले?"

"सासूबाईंनी आणले होते. गाठोडंभर. आम्ही उकडून खाल्ले."

मी सोइलाच्या मागे उभी होते. मी मेल्चोराकडे बघून हात जोडले. मेल्चोराचं तोंड उघडं राहिलं, मग तिने ते मिटलं, आणि एरवी जराही सवलत न देणाऱ्या त्या बाईने सोइलाच्या पिशवीत दोन बटाटे वर टाकले.

त्यानंतर एकही शनिवार मी तिला एकटीला जाऊ दिलं नाही. ती पुढे विचारत जायची आणि मी मागून हात जोडत जायची. रांगेतल्या सगळ्या बायकांना कळलं. कुणी बोललं नाही.

ऑक्टोबरात आम्ही वर गेलो. सोइलाने पाठीवरून पोतं आणलं होतं. बाजारातून तिने एकेक बटाटा दाबून, बघून, वास घेऊन निवडला होता, अंधाऱ्या कोपऱ्यात गवतावर पुदिन्यात ठेवला होता. मोठे, पांढरे, निर्दोष बटाटे. पेरायला बेणं लागतं, एवढं तिला रेमिखिओने सांगितलं होतं. "आईंचं संपलं असेल तर आपण आपलं नेऊ," ती म्हणाली होती. आईने पोत्यात हात घालून एक बटाटा वर काढला, फिरवून पाहिला.

"छान निवडलेस," ती म्हणाली. तसं ते खरंही होतं.

गावातल्या बायका मदतीला आल्या होत्या. पहिल्या सरीला हात लागायच्या आधी आईने सगळ्यांना बांधावर बसवलं. मग सोइलाला बोलावलं, तोच बटाटा तिच्या हातात ठेवला, आपली सुरी दिली आणि म्हणाली, "सोल."

बायकांमध्ये चुळबुळ झाली. एकजण म्हणाली, "हा कसला गं, पास्कुआला? हा तर कुणीही सोलेल."

"मग ही पण सोलेल," आई म्हणाली.

सोइलाने सुरी हातात फिरवून पाहिली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं अचानक पुढ्यात आलं होतं, आणि सुरी तर तिने माझ्यापायी कधीच सोडून दिली होती. तिने सोलायला घेतलं. पहिलीच साल बोटभर जाड निघाली. मग दुसरी तशीच. बायका खो खो हसायला लागल्या. तीही लाजून हसायला लागली. शेवटी हातात उरला तो गोटीएवढा बटाटा तिने आईपुढे धरला. आईने तो घेतला आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. सोइला आता घरची झाली होती.

बायका सरींकडे वळल्या. आई मात्र वाकली, पडलेल्या साली एकेक करून वेचल्या, तळहातावर घेऊन पाहत राहिली. प्रत्येक सालीत डोळा शाबूत होता. मला तिच्याकडे बघवेना आणि नजर हलवताही येईना. मग तिने बोटाने मातीत खळगे केले, डोळा वर करून एकेक साल ठेवली, आणि माती ओढली.

"आई, साल कशाला पुरताय?" सोइलाने विचारलं.

"डोळा आहे ना तिला. उगवते."

"साल उगवते?"

"जाड असली तर उगवते, बाळा."

सोइला टाळी वाजवून माझ्याकडे वळली. तिचा चेहरा त्या दिवसासारखाच फुललेला होता.

"ऐकलंत का वन्सं? आणि तुम्ही मला उगाच ओरडत होतात."

सगळ्या बायका हसल्या. आईही हसली, माझ्याकडे न बघता. मीही हसले, आणि पुढच्या सरीत माती ओढायला लागले.